विमानाच्या खिडकीतलं अर्ध्या सुताचं भोक

कादराबाद, जालना
४ डिसेंबर १९९६

प्रिय दोस्त महेमूद यास जालन्याहून सर्जेरावचा सलाम, आणि सलामाच्या पाठोपाठ रामराम. (दोन्ही घातल्याशिवाय आपलं पत्र आजवर पेटीत पडलेलं न्हाई, आता पन्नाशी ओलांडल्यावर त्यात बदल कशाला.) आम्ही इकडे खुशाल आहोत. सगुणाबाईचा खोकला गेला. तुझ्या घरून आणलेल्या मिठाईचा डबा अजून गेला न्हाई, कारण तो तिनं कपाटात कुलपात ठेवला आहे. कुंडलिकेला पाणी न्हाई, मोती तलावाला आहे. अम्मीचा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळव. नुसतं 'बरा आहे' असं लिहू नकोस, उजवा की डावा, चढताना दुखतो की उतरताना, असं लिही. नवी नवरी सासरी रुळली का? जावई गुणी आहे, फक्त त्याच्या चष्म्याची डावी काच फ्रेममध्ये किंचित सैल बसली आहे, ती पक्की करून घ्यायला सांग. हे मी निकाह लागल्या लागल्या सांगणार होतो, पण सगुणाबाईनं माझा कोपर धरला.

सातवीला मराठीत तुला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले होते, म्हणून हे पत्र शुद्ध लिहायला बसलो होतो. चार ओळी लिहून वाचून पाहिल्या आणि वाटलं, तू म्हणशील हा कोण सर्जेराव. तेव्हा तो कागद फाडला आणि आपल्या बोलीतच लिहून राह्यलो. मार्क कापून घे.

पत्राला कामं दोन आहेत. पहिलं तू सांगितलेलं. सरकारनं विमानाच्या खिडक्यांसाठी नवा नियम सुचवला आहे आणि तुमच्या विमान कंपनीला त्यावर अभिप्राय धाडायचा आहे. नियम असा (तुझ्या तोंडून ऐकला तसा लिहितो, चुकलं असंल तर समासात दुरुस्त कर): ठराविक उड्डाणं झाली की प्रत्येक खिडकी जवळून, उजेडात, हात लावून तपासायची, ओरखड्याची खोली मोजायची, आणि तपासणाऱ्यानं खाली स्वतःचं नाव लिहून सही करायची. तुमच्या साहेबांचं म्हणणं, इतक्या वेळा कशाला, दुरून नजर फिरवली तरी पुरतं, विमान जमिनीवर उभं राहून काय अंडी घालणार का. (अंडी तुझी, साहेबांची न्हाईत.) उत्तराचा कच्चा मसुदा तुझ्याकडं, कारण खिडक्यांच्या खात्याचा फोरमन तू. तू हसत म्हणालास, "सर्जेराव, तू बी काचेचा माणूस, तू बी दे की लिहून अभिप्राय." मी थट्टेतली गोष्ट थट्टेत घेत न्हाई, हे तुला तिसरीपासून ठाऊक आहे.

दुसरं काम माझं. दुकानाची पाटी बदलून राह्यलो. मच्छिंद्र पेंटरनं सगळी रंगवली, खालची एक ओळ तेवढी मोकळी ठेवली आहे. त्या ओळीत काय लिहायचं ते तू ठरवणार. पण त्याच्या आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देणं आहे. शुक्रवारी जेवताना तू विचारलंस, "अब्बांच्या त्या आठ खिडक्या का तडकल्या असतील रे? एवढा पक्का कारीगर, आणि सगळं काम फुकट गेलं. तू होतास ना तिथं?" (तडकल्या तीन. त्याचा खुलासा पुढं येईल.) मी विषय बदलला. ते उत्तर या पत्रात आहे, बरंच पुढं आहे. सत्तावीस वर्षं मी त्याच्या उलट्या दिशेनं चाललो, तेव्हा तिथवर पोचायला मला जरा वेळ लागंल. मधली पानं उडवू नकोस.

आता विमान. तू लेकीच्या लग्नाला मुंबईला ये म्हणून विमानाचं तिकीट धाडलंस तेव्हा सगुणाबाई आठ दिवस आधीच लग्नाच्या मदतीला रेल्वेनं आल्ती, म्हणून मी एकटाच निघालो. जालन्याच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "कुठं?" म्हणलं, "चिकलठाणा, विमानतळ." "कुणाला आणाया चाल्लात, मामा?" म्हणलं, "मीच चाललो उडून." त्यानं तिकीट फाडलं आणि पुढं ओरडला, "इमानतळापाशी जरा हळू थांबव बे, आपल्यात इमानाचा पासिंजर हाय!" सगळी एसटी माना वळवून बघाया लागली. बदनापूरला चढलेल्या एका बाईनं मला सांगितलं की दादा, खिडकीपाशी बसू नका, वारं लागतं. मी तिला समजावलं की विमानाची खिडकी उघडत न्हाई. ती म्हणाली, "मंग खिडकी कशाला?" 

विमानतळावर माझ्या खिशातून तीन वस्तू निघाल्या: हिऱ्याची कटर, घडीची फुटपट्टी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला पुट्टीचा गोळा. (या तीन वस्तू घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडत न्हाई. माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात त्या खिशात होत्या म्हणून लोक हसले, आणि मंडपातल्या कंदिलाची काच निसटली तेव्हा तेच मला शोधत आले.) पोलिसानं कटर आणि फुटपट्टी बाजूला ठेवली. गोळा मात्र त्यानं दाबला, वास घेतला, आणि तीन पावलं मागं सरला. मी म्हणलं, साहेब, पुट्टी आहे, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, काच बसवायची. तो म्हणाला, "मंग खाऊन दाखवा." मी खाऊन दाखवली. तेल थोडं जास्त झालं होतं, हे मला तेव्हाच कळलं. ते त्यालाही सांगितलं. एवढ्यावर त्याचा विश्वास बसला, पण तिन्ही वस्तू त्यानं पाकिटात घालून मुंबईत मिळतील म्हणून सांगितलं. म्हणजे मी विमानात चढलो तो पुट्टीशिवाय. हे ध्यानात ठेव.

माझी जागा खिडकीपाशी. शेजारी अंकुशनगरकडचे एक ऊस बागायतदार, काकासाहेब, पांढरा फेटा, विमानात तेही पहिल्यांदाच, पण रोजचे असल्यासारखे बसलेले. मी आधी खिडकी नखानं वाजवली. काच वाजली की तिचा आवाज शेवटाला लांबतो. ही प्लास्टिकच्या ताटलीसारखी वाजली. दुसऱ्यांदा वाजवली, तेच. मी म्हणलं, "काकासाहेब, ही काच न्हाई."

काकासाहेबांनी पट्टा आवळला. "काच न्हाई? मंग काय हाय?"

"प्लास्टिक."

"बिलकुल?"

"बिलकुल. आणि हिच्या मागं जे दुसरं तावदान आहे ना, त्याला खाली भोक आहे."

काकासाहेबांनी समोरच्या खिशातली कागदी पिशवी काढून मांडीवर उघडून ठेवली.

भोक होतं, महेमूद. खालच्या कडेपाशी, मधोमध, गोल, स्वच्छ, अर्ध्या सुताचं. (फुटपट्टी नव्हती, पण सुताचा अंदाज माझ्या डोळ्यात आहे. आठ सुतांचा इंच. त्यातला अर्धा सूत मी चालत्या एसटीतून सांगतो.) विमान तोवर पळाया लागलं होतं. मी बटण दाबून हवाई ताईला बोलावलं. ती बिचारी पट्टा सोडून येऊ शकत न्हाई, दुरूनच हात करून राह्यली. विमान वर स्थिर झाल्यावर आली आणि म्हणाली, "सर, वो होल रहता है." मी म्हणलं, ताई, भोक राहत न्हाई. भोक पडतं, न्हाईतर पाडतात. यातलं कोणतं? ती म्हणाली, "सर, सब विंडो में रहता है." हे तिनं जरा मोठ्यानं म्हणलं, ही तिची चूक. पुढच्या-मागच्या सहा-सात लोकांनी आपापल्या खिडकीवर बोट फिरवायला सुरुवात केली. एक जण म्हणाला, मला सापडलं. दुसरा म्हणाला, माझ्याकडं न्हाईच, आणि तो जास्त घाबरला. काकासाहेब मला म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही गप बसला असता तर आपुन सुखानं गेलो असतो." तुमच्या विमानाची इतकी बारकाईनं तपासणी आजवर झाली नसंल, आणि एकही मिनिट ते जमिनीवर उभं राह्यलं न्हाई. हे साहेबांना जरूर कळव.

खिशात पुट्टी असती तर मी काय केलं असतं ते लिहायची लाज वाटते. माझ्या बाजूचं तावदान आडवं होतं, हात पोचला नसता, तरी मी काहीतरी केलंच असतं.

मंग मी नुसता बघत बसलो. थोड्या वेळानं त्या भोकाच्या भोवती बारीक बर्फ धरलं, साखरेचे दाणे सांडावेत तसं, रुपयाएवढं गोल. बाकीची सगळी खिडकी लखलखीत, एक थेंब दव न्हाई. खाली ढग, वर ऊन. आणि मला तुझ्या अब्बांचा हात दिसला. सायकलच्या चाकातली तार धरलेला.

तुला अब्बांच्या दुकानातली ती सकाळ आठवते का रे? स्टेशनवरून छोट्या लाईनीच्या गाडीनं आलेल्या काचेच्या पेट्या टांग्यातून उतरायच्या, पेंढा उडायचा, आणि तुझे अब्बा, माझे लालमियाँ चाचा, पेटी उघडताना रस्त्यावरच्या माणसालाही बोलू द्यायचे न्हाईत. एकेक काच उभी धरून बोटाच्या गाठीनं वाजवायचे, कान लावायचे आणि हळूच म्हणायचे, "बोल बेटी." जी बोलली ती कपाटाला, जी गप्प राहिली ती फोटोच्या चौकटीला. काच कापायच्या आधी रेडिओ बंद, आणि आत अम्मीचा स्टोव्हसुद्धा बंद, कारण स्टोव्हच्या आवाजात हिऱ्याचा आवाज ऐकू येत न्हाई म्हणायचे. आतून अम्मी ओरडायची, "अजी, चाय होना के नक्को?" आणि हे मान वर न करता, "नक्को. पैले काच होने दे." मंग एकच रेघ. दुसऱ्यांदा हात न्हाई. कट् असा आवाज, आणि काच दोन भाग होऊन त्यांच्या हातात अशी यायची जशी काही तिलाच तसं व्हायचं होतं. त्यानंतर स्टोव्ह पेटायचा. त्या चहाला घासलेटाचा वास असायचा. तसा चहा मला नंतर कुठंच मिळाला न्हाई, तुझ्याकडं गॅस आहे.

मी त्यांच्या दुकानासमोरच्या ओट्यावर चौकटी जोडायचो, बिजागऱ्या ठोकायचो. सहा वर्षं. त्या सहा वर्षांत मी काचकाम शिकलो, कुणी न शिकवता, नुसतं बघून आणि पुस्तकं आणून. हे मी आजवर शंभर जणांना सांगितलं आहे आणि पाटीवरही लिहिलं. पाटी तू प्रत्येक ईदेला गावी आलास तेव्हा वाचली आहेस: 'सर्जेराव काचकाम. कोणाचेही शिष्य नाहीत.'

तर तुझ्या घरचं जेवण. तू कागदावर पेनानं विमानाच्या खिडकीचं चित्र काढलंस. बाहेरचं तावदान हवेचा सगळा भार घेतं, मधलं जोडीला असतं, आणि मधल्यातलं ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे दोहोंच्या मधली हवा कोंडत न्हाई आणि दव धरत न्हाई. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "आणि ते कुणी बुजवलं तर?" तू हसलास. "एवढा शहाणा कोण भेटंल?" आणि हसता हसताच अब्बांच्या खिडक्यांचं काढलंस. मी म्हणलं, "भाभी, खिचडीबरोबरचा चिंचेचा खट्टा काय झकास झालाय." मेहरुन्निसाभाभींनी मला चारदा खट्टा वाढला. मी चारदा खाल्ला. त्यांना सांग, खट्टा खरंच चांगला होता, पण चौथ्या वेळी नव्हता.

आता उत्तर.

१९६९ चा पौष महिना. बियाण्याच्या कारखान्यात थंड खोली बांधली होती, तिला आठ खिडक्या, प्रत्येकीला दोन-दोन काचा, मधे बोटभर पोकळी. चौकटी माझ्या, काचा चाचांच्या. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब बघायला येणार म्हणून मी संध्याकाळी एकटाच हात फिरवायला गेल्तो. आतल्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, पुट्टीमधे, भोक. सायकलच्या तारेचं, अर्ध्या सुताचं. दुसरी खिडकी बघितली, तेच. आठही. मला वाटलं, म्हातारा थकला, हात चुकून राह्यला. महेमूद, मी मापाचा माणूस. आठ ठिकाणी, एकाच कोपऱ्यात, एकाच मापाचं भोक असंल तर ती चूक नसते, एवढं मला कळायला पायजे होतं. मी खिशातून पुट्टी काढली आणि अंगठ्यानं आठही भोकं बुजवली. घरी येताना मी शीळ वाजवत आलो. वाटलं, चाचांची अब्रू झाकली.

मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर ऊन आलं. कोंडलेल्या हवेनं तीन तडकल्या. बाकीच्या पाच फुटल्या न्हाईत, आतून ताकासारख्या पांढऱ्या झाल्या, पलीकडचं काही दिसंना. (म्हणून म्हणलं, आठ न्हाई, तीन. पण याचा आता उपयोग न्हाई.) साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि तुझ्या अब्बांना सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. चाचा खाली वाकले, खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, चष्मा काढून बघितलं, आणि उभे राहून म्हणाले, "गलती हो गयी साहब. आगे सर्जेराव से काम लेव. हात अच्छा है उसका."

आणि साहेबांनी घेतलं. माझं दुकान त्यावर उभं राह्यलं. त्याच पावसाळ्यात तू मुंबईला गेलास, कारण चाचांकडं फक्त फोटोच्या चौकटी उरल्या होत्या. आणि त्याच दसऱ्याला मी ती पाटी लावली, त्यांच्या दुकानाच्या बराबर समोर. ती त्यांनी बारा वर्षं रोज वाचली, जालना जिल्हा झाला त्या वर्षी गेले तोवर. (मी मुंबईच्या प्रवासात एकदा असाही विचार केला की मी भोकं बुजवली नसती तर तू मुंबईला गेला नसतास, विमानाच्या खिडक्यांचा फोरमन झाला नसतास, म्हणजे एका परीनं माझ्या पुट्टीनंच तुझं भलं झालं. हे वाक्य खोडलं आहे असं समज. खोडायला गेल्तो, पण पान खराब दिसलं असतं.)

शंका मला आधी आल्ती. खोटं कशाला लिहू. दोनदा आल्ती, आणि दोन्ही वेळी मी उठून दुकान झाडून काढलं. खात्री मात्र विमानात झाली. माझा जो काय अभिप्राय आहे तो त्यातून आलेला आहे, म्हणून हे सगळं आधी लिहिणं भाग होतं.

अभिप्राय असा. नियम योग्य आहे, आणि कंपनीनं कुरकुर करू नये. दुरून नजर फिरवून खिडकी कळत न्हाई. दुरून मलाही माझं काम फार चांगलं दिसत होतं. ओरखडा डोळ्यानं न्हाई, करंगळीच्या नखानं बघावा, नख अडलं तर मोजावा. उजेड सकाळचा घ्यावा, तिरपा. भर दुपारी काच सगळं लपवते. (काच म्हणतो, तुमचं ते प्लास्टिक समजून घे. त्याच्याबद्दल माझं मत वेगळ्या पत्रात देईन.) तपासणाऱ्याची सही पायजेच, आणि नाव पूर्ण पायजे, वाचता येईल असं. एक कलम मात्र सरकारचं सुटलं आहे, ते माझ्या नावानं घालावं: तपासणाऱ्याला एखादी गोष्ट चुकीची दिसली तर ती त्यानं लगेच दुरुस्त करू नये. ज्यानं केली त्याला आधी जाऊन विचारावं. तो समोरच्या दुकानात बसलेला असंल तर त्याच दिवशी विचारावं. विमान दोन तास जास्त उभं राहिल्यानं कंपनीचं काय होतं ते मला ठाऊक न्हाई. न विचारता बुजवल्यानं काय होतं ते ठाऊक आहे. खाली माझं नाव असं लिही: सर्जेराव, काचकाम, जालना; अनुभव सत्तावीस वर्षे, विमानप्रवास एक.

एवढं लिहून थांबतो. रागावला असशील तर रागावूनच लिही, पण लिही. अम्मीच्या पायावर माझं डोकं, भाभींना सलाम, आणि जावयाच्या चष्म्याचं विसरू नकोस.

तुझा
सर्जेराव

ता. क. अम्मीला यातलं काही विचारू नकोस असं लिहिणार होतो, पण तिला सगळं ठाऊक आहे. मुंबईहून निघायच्या सकाळी तिनं माझा डावा हात धरला, खिडकीकडं वळवला आणि अंगठा बघितला. (चौसष्ट साली काचेनं कापला होता, तिरपी खूण आहे, तू बघितली आहेस. त्या दिवशी चाचांनीच पट्टी बांधली होती, आणि अंगठा चपटा न्हाई, तिरपा धरायचा, हे हात धरून शिकवलं होतं. त्यानंतर पाच वर्षं ते तुटक्या काचा माझ्या ओट्यावर आणून ठेवायचे, हात बसवायला. 'नुसतं बघून शिकलो' असं वर लिहिलं आहे ते चूक आहे.) अम्मी म्हणाली, "यइच है ना वो अंगूठा?" म्हणलं, "कौनसा, अम्मी?" ती हसली. म्हणाली, "तुम्हारे चाचा कारखाने से घर आ को बोले, पुट्टी में अंगूठे से आठ जगा दस्तखत कर को गया सर्जेराव." मी म्हणलं, मंग त्यांनी साहेबाला का सांगितलं न्हाई? मला तरी? म्हणाली, "मैं बी येइच पूछी. बोले, बोलूंगा तो हात डर जाइंगा उसका. डरा हुआ हात काच नै पकडता." आणि तुला सांगायचं न्हाई, दोस्ती आहे दोघांची, असंही चाचांनी तिला बजावलं होतं. तेव्हा त्यांनी साहेबाला सांगितलं न्हाई, अम्मीनं तुला सांगितलं न्हाई, मी कुणालाच सांगितलं न्हाई. आता सांगितलं.

ता. क. दुसरा. पाटीचं राह्यलं. जुनी पाटी उतरवली आहे. नव्या पाटीवर 'सर्जेराव काचकाम' च्या खाली मला लिहायचं आहे: 'उस्ताद लालमियाँ यांचा शागीर्द'. सगळं जालना त्यांना उस्ताद म्हणायचं, मी एकटाच चाचा म्हणायचो, कारण उस्ताद म्हणलं की आपण कोण ते ठरतं. नाव तुझ्या घराण्याचं आहे, तेव्हा परवानगी तुझी पायजे. तू न्हाई म्हणालास तर ओळ मोकळी ठेवीन. जुनी ओळ परत येणार न्हाई.

ता. क. तिसरा, तीन दिवसांनी सकाळी, पेटीत टाकायच्या आधी. मच्छिंद्रला तीर्थपुरीच्या शाळेच्या भिंती रंगवायचं काम आलं, तो महिनाभर येणार न्हाई म्हणाला. म्हणून ती ओळ रंगवून घेतली. ऑइल पेंट आहे, दोन हात मारलेत. तेव्हा परवानगी दे, अशी विनंती आहे. पाटी मी काचेवर केली आहे, दोन काचा, मधे अक्षरं, सगळीकडून पुट्टी, आणि खालच्या कोपऱ्यात सायकलच्या तारेनं एक भोक. ईदेला येशील तेव्हा सकाळच्या उजेडात तपास, करंगळीच्या नखानं, आणि मागं सही करून जा. आत्ता टांगताना मच्छिंद्रनं बोटावर पुट्टी घेतली आणि अंगठा पुढं केला. "मामा, भोक राह्यलं की इथं." मी त्याचा हात धरला. म्हणलं, "हां. ते राहतं."